पाणी आलं की प्रिंटर ऑफलाइन

मागच्या शेडमधून धाकट्या दिरांची हाक यायची, "वहिनी, लेबलं येईनात!" आणि इकडे माडीवर माझ्या पडद्यावर प्रिंटरच्या नावाखाली 'ऑफलाइन'. प्रिंटर तर चालू. हिरवा दिवा, कागद भरलेला, टोनर नवा. बंद करून चालू केला की कधी सुरळीत, कधी नाही. दुपारपर्यंत आपलं आपण चालायला लागला असंही दोनदा झालं. मग चार-पाच दिवस एकदम गुण्यागोविंदानं, आणि पुन्हा एका सकाळी तीच हाक.

हे दीड महिना चाललं. शेवटी सापडलेला दोष ना प्रिंटरचा होता, ना अंतराचा. पण अंतराचे म्हणून जे खरे त्रास असतात तेही आम्ही आधी भोगून झालो होतो, म्हणून दोन्ही सांगते. प्रिंटर एका टोकाला आणि संगणक दुसऱ्या टोकाला असला की माणसाची गल्लत नेमकी इथंच होते. संदेश प्रिंटरपर्यंत पोहोचत नाही हा एक आजार, आणि संदेश भलत्याच पत्त्यावर जातो हा दुसरा. पडद्यावर मात्र दोन्हींना शब्द एकच, ऑफलाइन.

घर आमचं सोलापूरच्या साखर पेठेत. पुढचा भाग जुना, दगड-मातीचा, त्यावर माडी. मागं पत्र्याचा शेड, तिथं सासऱ्यांच्या काळात चार माग खडखडायचे. माग गेले, आता त्याच शेडमध्ये टॉवेल आणि चादरींचं पॅकिंग चालतं. ऑर्डरी, बिलं, हिशेब माझ्याकडे, म्हणून संगणक माडीवर. लेबल चिकटवायचं शेडमध्ये, म्हणून प्रिंटर तिथं. माडीवर छापून रोज चाळीस कागद घेऊन जिना उतरायचा, एक लेबल राहिलं की परत चढायचं, हे सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत एकदा करून पाहिलं. चादरीच्या ऑर्डरी थंडीतच जास्त येतात आणि माझे गुडघेही थंडीतच बोलतात. तेव्हा प्रिंटर लांब ठेवणं ही हौस नव्हती. जिना आणि वळणं धरून तारेनं मोजलं तर अंतर बावीस मीटर भरतं.

पहिला प्रयोग सगळे करतात तोच, लांब यूएसबी केबल. दिरांनी दहा-दहा मीटरच्या दोन आणून जोडल्या आणि वर प्रिंटरसोबतची छोटी. चाचणीचं पान सुरेख आलं. दुसऱ्या पानावर निम्म्यातून नुसती चिन्हांची रांगोळी, आणि मग संगणकानं उपकरण ओळखायलाच नकार दिला. यात दुकानदाराची केबल खराब नव्हती. यूएसबी २.० च्या साध्या केबलची मर्यादाच ५ मीटर आहे. तार लांब झाली की संदेश अशक्त होतो हे तर आहेच, पण त्याहून मोठी अडचण वेळेची. संगणकानं विचारलं की उपकरणाचं उत्तर ठरलेल्या क्षणात यावं लागतं. तार लांबली की उत्तर उशिरा पोहोचतं आणि संगणक समजतो, पलीकडे कोणी नाही. मध्ये चिप असलेली रिपीटर केबल मिळते, ती दर पाच मीटरला संदेश ताजा करून पुढं देते. दहा मीटरपर्यंत ती वापरायला माझी हरकत नाही. त्याच्या पुढं सांधे वाढतात आणि उंदराचा एक दात लागला की कुठला सांधा गेला ते शोधत बसायचं. लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, तारेवरून यूएसबी नेणाऱ्या दोन डब्यांची जोडीही मिळते, पण लॅनची तार ओढायचीच असेल तर ती सरळ नेटवर्कसाठीच का ओढू नये?

दुसरा प्रयोग वायफाय. प्रिंटरला लॅनचं भोक नाही, नुसतं वायफाय, आणि तेही फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं. घरगुती प्रिंटरमध्ये हे फार सर्रास आहे, तेव्हा तुमच्या राऊटरचं ५ गिगाहर्ट्‌झचं नाव प्रिंटरच्या यादीत दिसलं नाही तर घाबरू नका, त्याला ते दिसणारच नाही. २.४ गिगाहर्ट्‌झ थोडा हळू पण भिंतींतून जास्त आत जातो, त्यामुळे लांबच्या प्रिंटरला तोच बरा. फक्त आमच्या भिंतींना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो आणि पलीकडे अजून भिंत उरते. मोबाइलवर सिग्नल मोजायचं फुकट ॲप घेऊन मी घरभर फिरले. हा आकडा उणेमध्ये येतो, आणि शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर. राऊटरशेजारी उणे ३८ डीबीएम. एक दगडी भिंत ओलांडली की उणे ६२. शेडमध्ये, प्रिंटरच्या डोक्यावर मोबाइल ठेवून, उणे ८१. उणे ६७ च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे ७५ च्या खाली गेलं की आज चालेल उद्या नाही.

तुमच्या घरी मोजायचं असेल तर मोबाइल हातात धरून खोलीच्या मधोमध मोजू नका. प्रिंटर जिथं बसतो तिथंच ठेवून मोजा, आणि दार रोज असतं तसंच ठेवा. आमचा प्रिंटर लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता. नुसतं कपाटाच्या दुसऱ्या बाजूला सरकवल्यावर सहा-सात डीबीएम सुधारले, एक पैसा खर्च न होता. टॉवेलचे गठ्ठे मध्ये आले तर चालतात, कोरडा कापूस सिग्नलला फारसा अडवत नाही. लोखंड, पत्रा, आरसा आणि पाण्याची टाकी हे चार खरे वैरी. शिवाय पेठेत घराला घर लागून. शेजाऱ्यांचे राऊटर त्याच चॅनेलवर कोकलत असतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल म्हणजे १, ६ आणि ११. त्याच ॲपमध्ये कुठल्या चॅनेलवर गर्दी कमी ते दिसतं. राऊटर 'ऑटो'वर सोडण्यापेक्षा तो एक निवडून पक्का केलेला प्रिंटरला मानवतो.

उणे ८१ वरून उणे ७४, तरी मन भरेना. "अंतर लई आहे, रिपीटर घ्या," असं एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. वायफायचा सिग्नल पुढं देणाऱ्या या रिपीटरबद्दल माझं मत फारसं बरं नाही. जिथं सिग्नल आधीच मेलेला तिथं तो लावतात, मग तो मेलेलाच सिग्नल मोठ्यानं सांगतो. त्याऐवजी जुना पडून असलेला राऊटर शेडमध्ये लावला आणि पुढच्या राऊटरपासून तिथपर्यंत लॅनची तार ओढली. लॅनच्या तारेला १०० मीटरपर्यंत मुभा आहे, आमचे बावीस तिच्या खिजगणतीतही नाहीत. तार घेताना शुद्ध तांब्याची कॅट-६ मागून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती वाकवली की तुटते. अंगणातून उघड्यावरून जाणार असेल तर बाहेर वापरायची काळी तार घ्या. घरातल्या तारेचं आवरण सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत तडकतं. लाइटच्या तारेबरोबर एकाच पट्टीतून नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा. आणि शेड घरापासून अगदी सुटा, वेगळ्या मीटरवर असेल तर तांब्याची तार ओढण्याआधी विचार करा. वळवाच्या विजांमध्ये अशी तार दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकते. तिथं फायबर बरी.

इथं आमच्याकडून एक चूक झाली, ती बरेच जण करतात. तार आली ती दिरांनी जुन्या राऊटरच्या निळ्या, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घ्यायच्या 'वॅन'च्या भोकात घातली. इंटरनेट लागलं, मोबाइल चालले, सगळे खूश. पण माझ्या संगणकाला प्रिंटर दिसेना. कारण तसं जोडलं की मागचा राऊटर स्वतःचं वेगळं गाव वसवतो. माझा संगणक १९२.१६८.१ च्या गावात, प्रिंटर १९२.१६८.० च्या, आणि मधली वेस एकतर्फी. मागच्या गावातून पुढं येता येतं, पुढच्यातून मागं जाता येत नाही. उपाय असा: मागच्या राऊटरच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, डीएचसीपी, म्हणजे त्याचं पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, आणि तार वॅनमधून काढून लॅनच्या कुठल्याही भोकात घालायची. काही राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा तयार पर्यायच असतो, तो निवडला की हे सगळं तो आपणच करतो. आता शेडमधला सिग्नल उणे ४४. पोहोचण्याचा प्रश्न मिटला.

आणि पाचव्या दिवशी सकाळी हाक आली, "वहिनी, लेबलं येईनात!"

खरं सांगते, त्या दिवशी प्रिंटर विकायला काढला होता. पण आता एक गोष्ट ठरली होती: सिग्नलला दोष देता येत नव्हता. मग प्रिंटर कधी बंद पडतो ते मी लिहायला घेतलं. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचे रतीब, गॅसची तारीख, सगळं. सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, पाणी आलं की त्या तारखेला गोल करतात, म्हणजे पुढचं कधी येणार याचा अंदाज राहतो. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. मी ज्या दिवशी प्रिंटर बंद त्या चौकोनात 'प्र' लिहायला लागले. तीन आठवड्यांनी पाहते तो माझा प्रत्येक 'प्र' आईंच्या गोलातच बसलेला!

आधी वाटलं मोटरमुळे व्होल्टेज पडत असेल. पण मग लाइट गेल्यावर काहीच का होत नाही? लाइट तर आठवड्यातून दोनदा जाते. पुढच्या पाण्याच्या दिवशी साडेपाचला उठून उभी राहिले. हौद भरत आला तशा आई आल्या, बोळातल्या बोर्डावरची पुढच्या राऊटरची पिन काढली, तिथं मोटरची पिन लावली, खटका दाबला. अर्ध्या तासानं वरची टाकी भरली, मोटरची पिन काढून राऊटरची जशीच्या तशी परत. कोणाला पत्ताच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मग काय बादलीनं चढवू का पाणी?" (तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवरचा, त्यावर मोटर लावायचीच नाही, हा वायरमनचा ओरडा त्यांनी नंतर स्वतंत्र ऐकला.)

तर कोडं असं उलगडतं. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, आणि कोणाला कुठला दिला त्याची यादी ठेवतो. बऱ्याच घरगुती राऊटरांत ही यादी फक्त चालू असेपर्यंतच राहते. पिन काढली की पाटी कोरी. लाइट जाते तेव्हा आमचा राऊटर इन्व्हर्टरवर चालूच असतो. प्रिंटर लेझर, तो इन्व्हर्टरवर लावत नाहीत, म्हणून तो बंद पडतो. लाइट आली की तो उठतो, राऊटरला त्याची ओळख असते, जुनाच पत्ता मिळतो, काम चालू. पाण्याच्या दिवशी मात्र उलटं. राऊटरच नव्यानं उठतो, आणि सकाळी सहाला घरातले पाच मोबाइल, एक टीव्ही त्याच्या दारात रांग लावतात. झोपेत असलेला प्रिंटर सगळ्यांच्या मागून येतो. तोवर त्याचा जुना पत्ता कोणीतरी पटकावलेला असतो, म्हणून त्याला नवा मिळतो. माझा संगणक बिचारा जुन्याच पत्त्यावर लेबलं पाठवत बसतो. एखाद्या दिवशी नशिबानं जुनाच पत्ता मिळाला की आम्ही म्हणणार, बंद-चालू केल्यानं सुधारलं.

हे पक्कं कसं केलं ते सांगते, कारण इथं मी एकदा फसले. संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडलं (छपाई कुठल्या पत्त्यावर जाते ते तिथं दिसतं), टिक असलेल्या ओळीत पत्ता होता १९२.१६८.१.७. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली. चार पैकी चार उत्तरं आली! म्हणजे प्रिंटर आहे, असं समजून मी दोन दिवस भलतीकडेच शोधत होते. उत्तरं देत होता तो दिरांचा मोबाइल. पिंग फक्त 'या पत्त्यावर कोणीतरी राहतं' एवढंच सांगतं, कोण ते नाही. खरी साक्ष प्रिंटरकडे असते. बहुतेक प्रिंटर स्वतःच्या नेटवर्कची माहिती छापून देतात; मेनूत 'नेटवर्क रिपोर्ट' किंवा 'कॉन्फिगरेशन पेज' शोधा, पडदा नसलेल्या प्रिंटरवर एखादं बटण दाबून धरलं की ते पान निघतं. आमच्या पानावर पत्ता होता १९२.१६८.१.११. पोर्टमध्ये ७, पानावर ११. संपलं.

तेच पान जपून ठेवा, त्यावर अजून एक गोष्ट असते: मॅक ॲड्रेस, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. हा कधी बदलत नाही. पत्ता म्हणजे भाड्याचं घर, मॅक म्हणजे आधार कार्ड. प्रिंटरला लॅन आणि वायफाय दोन्ही असेल तर पानावर दोन मॅक असतात. ज्यानं जोडलाय त्याचाच घ्या. माझ्या ओळखीत एकानं दुसराच लिहिला आणि आठवडाभर राऊटरला शिव्या घातल्या.

आता उपाय. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला, बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि राऊटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावरचं नाव-पासवर्ड घातलं. लॅन किंवा डीएचसीपीच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीझ' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' यांपैकी कुठल्यातरी नावानं एका यंत्रासाठी एकच पत्ता राखून ठेवायची सोय असते. तिथं प्रिंटरचा मॅक लिहिला, समोर १९२.१६८.१.२०० लिहिलं, सेव्ह केलं, प्रिंटर बंद करून चालू केला. पुन्हा ते माहितीचं पान छापलं: २००. ही यादी राऊटरच्या कायमच्या स्मृतीत जाते, आता पिन शंभरदा काढा. राऊटरमध्ये ही सोय नसेल तर प्रिंटरच्याच मेनूत पत्ता हातानं भरता येतो. मग मात्र राऊटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा घ्या. राऊटर ३ ते १५० वाटत असेल तर २०० घ्या, नाहीतर एक दिवस तोच पत्ता टीव्हीला जाईल. मी रिझर्व्हेशनच पसंत करते. सगळा कारभार एका ठिकाणी राहतो. मध्ये रिपीटर असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: काही रिपीटर प्रिंटरचा मॅक झाकून स्वतःचा पुढं करतात, आणि मग मुख्य राऊटरमधलं रिझर्व्हेशन लागूच होत नाही. तिथं प्रिंटरमध्ये हातानं भरणं हाच मार्ग.

राऊटरचं झालं की संगणकाला नवा पत्ता सांगायचा. हे बरेच जण विसरतात. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स. तिथं 'डब्ल्यूएसडी' अशी सुरुवात असलेलं पोर्ट दिसलं तर त्रासाचं आणखी एक मूळ सापडलं म्हणायचं. विंडोज स्वतः प्रिंटर शोधून जोडतो तेव्हा तो बरेचदा असं पोर्ट करतो, आणि प्रिंटर झोपला की 'सापडत नाही' म्हणून मोकळा होतो. 'ॲड पोर्ट' दाबून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा, पत्ता २०० चा द्या. मग 'कॉन्फिगर पोर्ट' उघडा: रॉ आणि ९१०० असतंच, खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची टिक असते ती काढा. विंडोज त्या वाटेनं प्रिंटरची ख्यालीखुशाली विचारतो आणि प्रिंटरनं त्या भाषेत उत्तर दिलं नाही की छापू शकणाऱ्या प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतो. टिक काढल्याचा तोटा इतकाच की कागद संपल्याची सूचना वर येणार नाही. ते सांगायला दीर आहेत.

आता अडकलेली जुनी कामं. ती तशीच राहिली तर नवीन पोर्टवरही रांग हलत नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरमध्ये 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आतल्या फाइली पुसा, फोल्डर नाही, आणि स्पूलर पुन्हा चालू करा. हे करताना मला सहा दिवसांपूर्वीची लेबलंही तिथं सापडली. ती निघाली असती तर एकाच ऑर्डरीचा माल दोनदा गेला असता.

आणि ते 'कॉपी १'. ऑफलाइन दिसला की आपण प्रिंटर काढून पुन्हा टाकतो, आणि यादीत एकाच प्रिंटरची तीन नावं जमतात: मूळ, कॉपी १, कॉपी २. प्रत्येकाचं पोर्ट वेगळं, बहुतेक मेलेलं. जो चालतो तो ठेवून बाकी काढून टाका आणि 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा, नाहीतर विंडोज आपल्या मनानं मेलेल्यालाच मुख्य नेमतो. प्रिंटरच्या रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'ला चुकून टिक बसलेली आहे का तेही बघा. धाकटी माऊस घेऊन खेळली की आमच्याकडे ती बसते.

तुमच्याकडे पाण्याचा संबंध नसेल, पण हा आजार असेल, तर आधी मोबाइलवरून छापून बघा. मोबाइल दर वेळी प्रिंटर नव्यानं शोधतो, संगणक पाठ केलेल्या पत्त्यावर जातो. मोबाइलवरून छापलं जातंय आणि संगणकावरून नाही, तर सिग्नल, अंतर, भिंती सगळं निर्दोष. पोर्टमधला पत्ता बघा. दोन्हीकडून नाही, तर प्रिंटर नेटवर्कवरच नाही. त्याचं माहितीचं पान छापा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राऊटरनं त्याला पत्ता दिलाच नाही, त्यानं स्वतःच काहीतरी धरलंय: एक तर जोडणी अर्धवट आहे नाहीतर मधल्या राऊटरचं डीएचसीपी बंद करूनही तार वॅनच्याच भोकात राहिली आहे. कधी चालतो, कधी अर्धं पान, कधी पाच मिनिटांनी, असं अनियमित असेल तर मात्र पोहोचण्याचाच प्रश्न, तिथं सिग्नल मोजा. आणि मोबाइल आणि संगणक दोन्ही घरच्या वायफायवर असूनही प्रिंटर दिसत नसेल तर तो 'गेस्ट' नेटवर्कवर जोडला गेलाय का बघा. पाहुण्यांच्या नेटवर्कवरची यंत्रं घरच्या यंत्रांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन चालू ठेवून घरी बसणाऱ्यांनी ते बंद करून एकदा छापून बघावं.

जुन्या सल्ल्यांत लांबच्या प्रिंटरसाठी गूगल क्लाउड प्रिंट सुचवलेलं आढळेल. ते २०२० च्या अखेरीस बंद झालं, त्यात वेळ घालवू नका. वायफाय डायरेक्टही लांबच्यासाठी नाही. संगणक थेट प्रिंटरच्या 'डायरेक्ट' नावाच्या नेटवर्कला जोडला की बऱ्याचदा इंटरनेट तुटतं, आणि प्रिंटरच्या इवल्याशा ॲन्टेनाची हाक दगडी भिंतीपलीकडे जातच नाही. शेडमध्ये जुना लॅपटॉप ठेवून त्याला यूएसबीनं प्रिंटर जोडायचा आणि तो शेअर करायचा, हे चालतं; पण तो लॅपटॉप दिवसभर जागा ठेवावा लागतो, आणि आमच्या शेडमध्ये मे महिन्यात माणूस जागा राहत नाही तर लॅपटॉप काय राहील.

बोळात वायरमनकडून मोटरसाठी वेगळा सोळा ॲम्पिअरचा पॉइंट काढून घेतला, इन्व्हर्टरच्या लाइनबाहेर. राऊटरची पिन आता तिच्या जुन्याच बोर्डावर असते. तरी आई कधीकधी सवयीनं ती काढतात. काढू देत. त्यानंतर पाण्याचे नऊ दिवस गेले, कालनिर्णयावर गोल आहेत, 'प्र' एकही नाही.

एक शेपूट राहिलं होतं, तेही सांगते. पोर्ट बदलल्यावर छपाई चालू झाली पण स्कॅन बंद पडलं. कारण छपाईचं पोर्ट आपण बदललं, स्कॅनची वाट वेगळी असते, ती अजून ११ नंबरच्याच दारात उभी. प्रिंटरसोबत आलेल्या स्कॅनच्या प्रोग्रॅममध्ये जुना स्कॅनर काढून 'आयपी पत्त्यानं जोडा' हा पर्याय निवडायचा आणि तिथंही २०० द्यायचा. आणि इंटरनेटवाल्यानं राऊटर बदलून दिला की हे रिझर्व्हेशन त्याच्याबरोबर जातं, म्हणून मॅक, २०० आणि पोर्टची नोंद एका कागदावर लिहून तो शेडमधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. बाहेरून लावला होता, त्यावर दिरांनी बॉबीनचा हिशेब केला.